सत्तावीसच्या घरात चारचं दान

वेरूळची सहल न केलेलं शाळकरी मूल मराठवाड्यात शोधूनच काढावं लागेल. पहाटे शाळेच्या फाटकाशी लागलेली एसटी, दशमी-चटणीचे डबे, वाटेत दौलताबादचा किल्ला, कैलास लेण्यासमोर रांगेत उभं राहून फोटो आणि शेवटी घृष्णेश्वराचं दर्शन. १६ नंबरचं लेणं पाहून झालं की सर घड्याळाकडे बघायला लागतात. त्यामुळे १४ नंबरचं ‘रावण की खाई’, २१ नंबरचं रामेश्वर आणि पार टोकाचं २९ नंबरचं धुमार लेणं बहुतेक सहलींच्या वाट्याला येत नाही. या तिन्ही ठिकाणी शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेले आहेत. वर डाव रंगलेला, खाली नंदी आणि त्याच्याशी मस्ती करणारे गण. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराला देवाधिदेवाचा हा उद्योग दगडात कोरण्याइतका मोलाचा वाटला. आपल्या शाळेला खेळ मोलाचा वाटायला मात्र बराच वेळ लागला. अभ्यास आटोपल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, एवढीच त्याची जागा.

गेल्या काही वर्षांत त्याला एकाएकी मानपान मिळू लागला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळातून शिक्षण आलं. ५ जुलै २०२१ला ‘निपुण भारत’ सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं हे त्याचं उद्दिष्ट, आणि २०२६-२७ ही मुदत. पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलांचे पहिले तीन महिने खेळाचे, त्याला ‘विद्याप्रवेश’ म्हणतात. फेब्रुवारी २०२३मध्ये बाहुल्या, कोडी, पत्ते भरलेला ‘जादुई पिटारा’ दिल्लीहून निघाला. महाराष्ट्राने २०२४मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत गेलात तर व्हरांड्याच्या फरशीवर ऑइलपेंटने रंगवलेली सापशिडी, पायऱ्यांवर पाढे, दाराच्या चौकटीशी कोनमापक असं काही ना काही दिसतंच. शाळेची इमारत हेच शैक्षणिक साहित्य, ही ‘बाला’ नावाची कल्पना दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांची. आपल्याकडे तिच्या ‘बोलक्या भिंती’ झाल्या.

रंगकाम झकास असतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्या फरशीवर उभं राहिलेलं पोर काय शिकतं, हे जरा जवळून बघायचं आहे.

समजा, दुसरीतली एक मुलगी २७च्या घरात उभी आहे. फासा टाकला, चारचं दान पडलं. ती चार उड्या मारते आणि मोजते, ‘एक, दोन, तीन, चार.’ बरोबर ३१वर पोचते. तिच्या मैत्रिणीलाही त्याच घरात तेच दान पडतं. तीही चार उड्या मारते, पण तोंडाने म्हणते, ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस.’ लांबून बघणाऱ्याला दोघींचा खेळ एकच दिसतो. अहवालातल्या फोटोतही तो एकच दिसेल. शिकणं मात्र दोघींचं सारखं नाही.

अमेरिकेत एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २०१४मध्ये नेमका हाच फरक तपासला. बालवर्गातल्या मुलांना शंभर घरांचा पट दिला, दहा ओळी, दर ओळीत दहा घरं. एका गटाने दर दानाला एकपासून मोजायचं, दुसऱ्याने ज्या घरात सोंगटी आहे तिथून पुढचे आकडे म्हणत जायचं. पट तोच, वेळ तेवढाच. शंभरपर्यंतच्या संख्या एका रेषेवर साधारण कुठे येतील, त्यांतली मोठी कुठली, अंतर केवढं, ही समज पुढचे आकडे म्हणणाऱ्या गटाची सुधारली. एकपासून मोजणाऱ्यांना फारसं काही मिळालं नाही. ते खेळले, हसले, जिंकले-हरले. पण त्यांच्या तोंडून दर वेळी पडलेल्या दानाच्या पुढचा आकडा गेलाच नव्हता, मग शंभरपर्यंतची ओळख होणार कुठून?

त्याआधी, २००८मध्ये, सिग्लर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा घरांची साधी पट्टी खेळायला दिली. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका, सगळा मिळून तासाभराचा खेळ. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासलं तरी फायदा टिकलेला होता. त्याच खेळात आकड्यांऐवजी नुसते रंग रंगवले, तेव्हा तसा फायदा झाला नाही. पुढे त्यांनी सरळ पट्टी आणि गोल पट यांची तुलना केली, त्यात सरळ पट्टी सरस ठरली. आकडे एका दिशेने वाढत जाताना डोळ्यांना दिसले, तर ते डोक्यातही तसे बसतात.

आता हे सगळं आपल्या फरशीवर आणून बघा. आपली सापशिडी नागमोडी चालते. डावीकडून उजवीकडे दहापर्यंत, मग वर चढून उलट्या दिशेने वीसपर्यंत. २०च्या घरातून पुढे जायचं म्हणजे कुठे, हे पहिलीतल्या पोराला दर वेळी दाखवावं लागतं. दुसरी अडचण भाषेची. २८च्या घरातून पुढचं पाऊल टाकलं की तोंडात येतो ‘तीस’, आणि फरशीवर लिहिलेला असतो २. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास: दर दशकाच्या कडेला हा खड्डा आहे. एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा. घरात लहानपणापासून अंक कानावर पडलेली मुलं हा खड्डा न कळत ओलांडतात. ज्यांच्या घरी मराठीच नाही, ऊसतोडीच्या हंगामात ज्यांची शाळा चार-पाच महिने सुटते, ती तिथेच अडखळतात.

जून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकाने यावर एक वाट सुचवली होती: ‘वीस एक, वीस दोन’ असंही म्हणू द्यावं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरा मार्ग दिला आहे, असं त्या परोपरीने सांगत राहिल्या. महाराष्ट्राने मात्र तो विषय मराठीच्या अस्मितेवर नेला. विधानसभेत ‘फडणवीसांना आता फडण दोन शून्य म्हणायचं का’ इथवर विनोद झाले. विनोद बरा होता, त्यावर मीही हसलो. पण त्या गदारोळात २८च्या घरात उभ्या असलेल्या पोराचा प्रश्न कुणी विचारला नाही. मंगलाताई २०२३मध्ये गेल्या. त्या वादाकडे आज शांतपणे बघताना वाटतं, त्यांची सूचना फरशीवरच्या सापशिडीवर महिनाभर करून बघायला काय हरकत होती? अर्धी शाळा ‘एकोणतीस’ म्हणेल, अर्धी ‘वीस नऊ’. महिन्याने कळलं असतं.

सापशिडी हा मुळात शिकवण्याचाच पट आहे, हे जाता जाता सांगायला हवं. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणत आणि परंपरा तिचं जनकत्व ज्ञानदेवांना देते. हाती लागलेले जुने पट बहुतेक अठराव्या शतकापासूनचे आहेत. त्यांत शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि शेवटचं घर मोक्षाचं. डेन्मार्कच्या याकोब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंधच लिहिला. साहेबाच्या देशात जाऊन आल्यावर पटावरचे गुण-अवगुण गळत गेले आणि आकडे उरले. ते आकडे तरी आपण मोठ्याने वाचून घेतो का, एवढाच आता मुद्दा आहे.

*

हिवाळ्यात शाळांमध्ये ‘बाल आनंद मेळावा’ भरतो. खेड्यातल्या शाळेचा हा सगळ्यात उत्साहाचा दिवस. मुलं घरच्या रानातली मेथी, कोथिंबीर, बोरं, हुरडा घेऊन बसतात, कुणाची आई भजी तळून देते. सरपंच, केंद्रप्रमुख, पालक हे गिऱ्हाईक. इथे हिशेबाचा जो नमुना बघायला मिळतो तो कुठल्याही पुस्तकात नाही. मेथीची जुडी दहाला एक, पंचवीसला तीन. गिऱ्हाईक सात जुड्या उचलतं. चौथीतलं पोर क्षणभर आकाशाकडे बघतं: पन्नासच्या सहा, वर एक दहाची, साठ झाले. शंभराची नोट दिली की चाळीस परत. कागद नाही, पेन नाही.

सोमवारी हेच उदाहरण शाब्दिक गणित म्हणून फळ्यावर आलं, की तोच गडी विचारतो, ‘सर, गुणायचं का भागायचं?’

हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा प्राथमिक शिक्षक नसेल. आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. १९८५मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा न्यूनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक नारळ ३५चा, तर दहा नारळ केवढ्याचे? मुलगा म्हणाला तीन झाले १०५, आणखी तीन, २१०, असं करत ३५० वर बरोबर पोचला. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचं, हे शाळेतलं तंत्र त्याने वापरलंच नाही. कागदावर दिलेल्या तशाच उदाहरणांत ही मुलं गडबडत होती. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस यांनी मुंबईतल्या एका दाट वस्तीत, घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या शाळकरी मुलांचं असंच गणित टिपलं: माप, वाटणी, नफा, अपूर्णांक, सगळं हातात होतं, वहीत नव्हतं.

आणि अगदी अलीकडे, २०२५च्या फेब्रुवारीत, ‘नेचर’ नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि शाळेत जाणारी ४७१ मुलं. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले, मुद्दाम अडनिडी खरेदी केली. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात पक्की निघाली, पण तीच बेरीज-वजाबाकी शाळेच्या पद्धतीने मांडली की अडकली. उलट बाजूचा निष्कर्ष जास्त झोंबणारा आहे: फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचं जमलं, तरी बाजारातला साधा व्यवहार त्यांतल्या फार थोड्यांना सोडवता आला. म्हणजे हे पाणी दोन्ही बाजूंनी अडलेलं आहे.

आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. छडीखाली होत असेल ते, त्याचं कौतुक नको. पण बाजारातला तोंडी हिशेब आणि शाळेतलं गणित यांच्यामध्ये तो एक पूल होता. दशमान मापं आली, तो पूल पडला. त्याच्या जागी काही बांधलं गेलं नाही.

बाल आनंद मेळाव्याचं मोल मला इथे वाटतं, पण त्याचा खरा तास सोमवारचा आहे. फळ्यावर त्या मेथीचा सौदा जसाच्या तसा लिहावा: २५ आणि २५ आणि १०. मग विचारावं, याला आणखी कसं लिहिता येईल? दोन वेळा २५, एकदा १०. गुणाकार इथे आला, त्या पोराच्याच तोंडातून. दुसऱ्याने सात जुड्यांचे सत्तर घेतले असतील तर वाद होऊ द्यावा, फसलं कोण? अर्ध्या तासाचं काम. शनिवारचा मेळावा मात्र बहुतेक ठिकाणी शनिवारीच संपतो. गल्ला मोजला जातो, सगळ्यात जास्त कमावणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि सोमवारी पान नंबर अमुक काढा.

*

खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, एक कडू घोट घ्यायला हवा. दिल्लीत ‘प्रथम’ या संस्थेच्या २१४ बालवाड्यांत १,५४० मुलांवर केलेला प्रयोग २०१७मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. मोइरा डिलन, हरिणी कण्णन, जोशुआ डीन, स्पेल्के आणि ड्युफ्लो हे त्याचे लेखक. चार महिने मुलांना संख्येचे आणि आकारांचे खेळ दिले. ठिपक्यांच्या दोन ढिगांतला मोठा कुठला, वेगळा आकार कोणता, अशी अंगभूत समज वाढली आणि टिकलीसुद्धा. आकड्यांची, नावांची समजही लगेच थोडी वाढली. पण पुढे ही मुलं पहिलीत गेली तेव्हा शाळेचं गणित शिकण्यात त्यांना इतरांपेक्षा काही फायदा मिळाला नाही.

खेळ वाया गेला, असा याचा अर्थ काढणारे निघतील. मला तो तसा दिसत नाही. खेळाने आपलं काम केलं. शाळेने त्या मुलांना जिथे ती होती तिथून पुढे घेतलं नाही, पहिल्या पानापासून सुरुवात केली. वडोदऱ्यातला आधीचा अनुभवही बघण्यासारखा आहे. तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले होते. गुणांत भरघोस वाढ झाली. खेळ थांबून वर्ष झालं, तेव्हा त्यातली बरीचशी ओसरलेली होती. त्याच संशोधनात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला ‘बालसखी’ प्रयोग होता: वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसायची. तिच्याकडे संगणक नव्हता. पोर कुठे अडलंय हे तिला दिसत होतं.

हे बघणं आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून डहाणूजवळच्या कोसबाडला अनुताई वाघांसह जे केलं, ते शिंपले, बिया, बांबू, माती यांच्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं, म्हणून ही साधनं आली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे गेली तर कुरणात नेली. पण मॉन्टेसरी पद्धतीचा गाभा निरीक्षण आहे आणि ताराबाईंनी तो सोडला नाही. मूल काय हाताळतं, किती वेळ, कुठे सोडून देतं हे त्या बघत, लिहीत, ‘शिक्षणपत्रिके’तून मांडत. आपण शिंपले घेतले. वही तिथेच राहिली.

अरविंद गुप्तांचं तसंच झालं. पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ त्यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि जुन्या बॅटऱ्या यांतून हजारो मुलांना विज्ञान शिकवलं. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची सेफ्टी पिनची मोटर प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात फिरताना दिसते. मुलाने ती फिरवून दाखवली की परीक्षक पुढच्या टेबलाकडे जातात. चुंबक उलटा ठेवला तर काय होईल, हे विचारायला थांबणारा विरळा.

संभाजीनगरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या गाडीवाट या गावाची गोष्ट २०२०मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायला आवडेल? रोबो आणि तंत्रज्ञानाच्या नादाने बहुतेकांनी जपानी सांगितली. शिक्षकांपैकी कुणाला जपानी येत नव्हती. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲपं यांवर सुरुवात झाली, मग शहरातल्या एका जाणकार गृहस्थांनी विनामूल्य शिकवणी दिली. कोरोनाने शाळा बंद, घरोघरी स्मार्टफोन नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे फोन होता त्या मुलांनी आधी शिकायचं आणि मग बाकीच्यांना शिकवायचं, असे ‘विषयमित्र’ नेमले.

बातमी जपानीची झाली, ते स्वाभाविकच आहे. खेड्यातलं पोर ‘ओहायो गोझाइमास’ म्हणतंय, हे मथळ्याला शोभतं. मला त्यातलं ‘विषयमित्र’ महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की पोराला स्वतःचं मोजणं मोठ्याने म्हणावं लागतं. सापशिडीवरच्या त्या दोन मैत्रिणींमधला फरक पहिल्यांदा ज्याच्या कानावर पडेल तो शिक्षक नसेल, शेजारी उभा असलेला तिसरा गडी असेल.

*

आता शिक्षकाकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. म्हणजे एकाकडे दोन वर्ग, दुसऱ्याकडे तीन. त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक, म्हणून पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायस आणि शालार्थवर भरायची माहिती आणि मतदारयादीचं बीएलओचं काम त्याच्याकडे. केंद्राच्या गटावर दिवसातून चार वेळा लिंक येते, ‘आज चारपर्यंत भरून द्यावी, अत्यंत तातडीचे’. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत महाराष्ट्रातले शिक्षक रस्त्यावर उतरले, यात सगळं आलं. अशा माणसाला २७च्या घरात कोण कुठून मोजतं हे ऐकायला सांगणं म्हणजे चेष्टाच वाटेल. तरी सांगतो, कारण त्याच्याकडून जे मागितलं जातं ते याहून जास्त वेळखाऊ आहे.

संशोधन हा शब्द शिक्षकाला नवा नाही. डीएड, बीएडला प्रत्येकाने कृतिसंशोधन केलेलं असतं. समस्या, गृहीतक, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. उत्तरचाचणीत सगळी मुलं सुधारलेली असतात. सुधारली नाहीत असा प्रकल्प निदान माझ्या बघण्यात नाही. बरेच प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातूनच येतात, वर्ग आणि शाळेचं नाव बदलून. पुढे नोकरीत नवोपक्रम स्पर्धा असते, तिथेही स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, अधिकाऱ्यांचे अभिप्राय. चांगलं काम करणारे शिक्षक त्यात आहेत, पुष्कळ आहेत. पण फाईल फसलेला खेळ मागत नाही. आणि शिकायचं असतं ते फसलेल्या खेळातूनच: तीन आठवडे पट खेळून एकवीसपैकी नऊ मुलं अजून एकपासूनच मोजताहेत, असं लिहिलेला अहवाल पहिला नंबर काढणार नाही.

याला पैसा लागत नाही. एका आखीव पानावर मुलांची नावं, समोर तीन रकाने: कुठून मोजतो, कुठे अडतो, वहीत तेच गणित कसं मांडतो. पंधरवड्याने पुन्हा तेच. शेजारच्या गावच्या शाळेने तसंच केलं की तुलना आली. महिन्याच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी ही पानं समोर ठेवता येतील. संभाजीनगरात मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राज्याची ‘मिपा’ आहे, शिक्षक-प्रशिक्षणाची ‘डायट’ आहे, विद्यापीठात शिक्षणशास्त्रातली पीएचडी होते. मराठवाड्याच्या शाळांवरचा कच्चा माल एका शहरात यायला याहून सोयीची जागा नाही. त्यासाठी अहवालांची एक फेरी कमी करावी लागेल, आणि ते कुणाच्या अखत्यारीत येतं यावर एक बैठक होईल.

शिक्षकाने खेळत खेळत संशोधन केल्याचं एक उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे, आणि त्याला कुठल्या स्पर्धेचा अर्ज भरावा लागला नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पदवी बीएस्सीची. संख्यांशी खेळण्याचा नाद एवढा, की छोट्या पुस्तिका काढून ते निष्कर्ष प्रसिद्ध करत. इथल्या विद्यापीठीय गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर जगाला कळले.

त्यांचा खेळ असा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. २०२५ घेऊ. ५२२०तून ०२२५ गेले, ४९९५. मग ९९५४ वजा ४५९९, ५३५५. मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, आणि सहाव्या वेळी ६१७४. आता ७६४१तून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४च. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोचता आणि तिथेच अडकता.

चौथी-पाचवीच्या वर्गात हा खेळ दिला की जे होतं ते बघण्यासारखं असतं. हातच्याच्या वजाबाकीची सहा उदाहरणं गृहपाठाला दिली तर वर्ग कण्हतो. इथे तीच सहा उदाहरणं मुलं न सांगता करतात, आणि तपासायला सर लागत नाहीत: सात पायऱ्यांत ६१७४ आले नाहीत तर कुठेतरी चुकलंय, मुलगा स्वतः मागे जाऊन शोधतो. बहुतेक वेळा चूक शून्याची असते. २१११ घेतलं तर उत्तर ९९९ येतं. ते ०९९९ असं लिहायचं राहिलं की खेळ मोडतो. स्थानिक किंमत शिकवायला याहून चोख जागा मला ठाऊक नाही. इथे पट आणि वही वेगळी नाहीत, म्हणून मधला पूल बांधायची गरजच पडत नाही.

थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, पाच अंकी घेतली तर? कापरेकरांच्या खेळातला हा पुढचा टप्पा पुष्कळ शिक्षक सोडून देतात, कारण उत्तर नीटनेटकं नाही. पाच अंकांना एकच मुक्काम नाही. संख्या तीनपैकी एका फेऱ्यात सापडते आणि फिरत राहते. दोन फेरे चार-चार संख्यांचे आहेत: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ हा एक, आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ हा दुसरा. तिसरा दोनच संख्यांचा: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस संख्या वाटून दिल्या तर मोठे दोन फेरे एका शनिवारी हाती लागण्यासारखे आहेत. छोटा फेरा सहजी सापडत नाही.